जुने स्पीकर घेताना कानच खरा जोहरी

जयपूरच्या मालवीयनगरातले एक मराठी घर डोळ्यांसमोर आणा. यजमान बँकेत नोकरीला, बदलीवर आलेले. घरात पत्नी, कॉलेजात जाणारी मुलगी आणि कोल्हापूरहून आणलेली एक लोखंडी ट्रंक. ट्रंकेत वडिलांनी आयुष्यभर जमवलेल्या रेकॉर्डी. रेकॉर्ड प्लेअर दुरुस्त करून झाला, बऱ्यापैकी ॲम्प्लिफायरही आला. उरले फक्त स्पीकर. मोठ्या दुकानात जाऊन परदेशी बनावटीच्या एका उत्तम जोडीची किंमत विचारली, तेव्हा पतिपत्नीने एकमेकांकडे पाहिले आणि काही न बोलता दोघे जिना उतरून खाली आले. तेवढ्या पैशांत मुलीच्या शिक्षणाची दोन वर्षे सहज निघाली असती.

मग एक दिवस ओळखीच्या गृहस्थांनी बातमी आणली. सी-स्कीममधल्या एका जुन्या बंगल्यात, एका वृद्ध बाईंच्या घरी, तशीच एक इंग्लिश जोडी पडून आहे. बाईंचे यजमान हौशी होते, ते गेले. मुले परदेशात. किंमत नव्या जोडीच्या तिसऱ्या हिश्शाइतकी.

“घेऊन टाकू या,” यजमान म्हणाले.

“अहो, पण पंचवीस वर्षांपूर्वीची वस्तू,” पत्नी म्हणाली. “उद्या बंद पडली तर कोणाच्या दारात उभे राहायचे?”

हे घर कल्पनेतले आहे, पण हा संवाद आज पुण्यात, नागपुरात, इंदुरात आणि जयपुरातही होत असतो. त्या पत्नीची शंका अगदी रास्त आहे आणि यजमानांची हौसही खोटी नाही. उंची दर्जाचे जुने स्पीकर ही मध्यमवर्गीय घराला परवडणारी चैन ठरू शकते किंवा पैसे पाण्यात घालण्याचा राजमार्गही. दोन्हींमधला फरक तासाभराच्या परीक्षेवर अवलंबून असतो. ती परीक्षा करायला इंजिनिअर असण्याची गरज नाही.

जयपूरचे गाणे आणि मराठी कान

या गोष्टीसाठी जयपूर निवडण्याला कारण आहे. महाराष्ट्रात घरोघरी ज्या गायकीची पूजा होते, ती जयपूर-अत्रौली घराण्याची. या घराण्याचे अध्वर्यू उस्ताद अल्लादियाखाँ यांचा जन्म १८५५ साली जयपूर संस्थानातल्या उनियारा येथे झाला. पुढे कोल्हापूरच्या शाहू महाराजांच्या आश्रयाने ते महाराष्ट्रात स्थिरावले आणि १९४६ साली मुंबईत त्यांचे निधन झाले. केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर त्यांच्या शिष्या. किशोरी आमोणकर मोगूबाईंच्या कन्या. मल्लिकार्जुन मन्सूर यांना खाँसाहेबांचे पुत्र मंजीखाँ आणि भूर्जीखाँ यांची तालीम मिळाली. केसरबाईंची भैरवी तर १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेली.

हे गाणे मोबाइलच्या चिमुकल्या कर्ण्यातूनही ऐकू येते, पण त्यातला स्वराचा भरीवपणा, तानेचे पेच आणि मागे सतत झंकारणारे तानपुरे त्यात हरवतात. चांगल्या स्पीकरवर तेच गाणे ऐकले की गायिका समोर दोन हातांवर बसली आहे असे वाटते. ज्या घरात वडिलांच्या रेकॉर्डींची ट्रंक आहे, त्या घराला या फरकाचे मोल कळते. म्हणूनच हौशी माणूस या खरेदीत भावनेच्या भरात फसतो.

जुन्या जोड्या बाजारात आल्या कुठून?

१९९१ पूर्वी परदेशी स्पीकर आपल्याकडे उघडपणे दुकानात मिळणे दुर्मीळ होते. आयातीवर निर्बंध होते आणि जकात जबर होती. कोणी आखातातून परतला किंवा जहाजावर नोकरी करून आला, की त्याच्या सामानात एखादी म्युझिक सिस्टीम असे. बाकीच्यांची भूक फिलिप्स, बुश, कॉस्मिक आणि कोलकात्यात १९७० साली सुरू झालेल्या सोनोडाइनसारख्या कंपन्यांनी भागवली. पुढे आर्थिक उदारीकरण आले आणि १ एप्रिल २००१ रोजी उरलेल्या ७१५ वस्तूंच्या आयातीवरचे संख्यात्मक निर्बंधही उठले. मोठ्या शहरांत परदेशी स्पीकरांची दालने निघाली. पुण्याच्या कॅडेन्ससारख्या कंपनीने तर भारतातच उंची स्पीकर बनवून दाखवले.

त्या काळात हौसेने घेतलेल्या जोड्या आता दुसऱ्या हाती जाऊ लागल्या आहेत. मोठ्या घरातून फ्लॅटमध्ये गेलेल्यांना त्या अडचणीच्या वाटतात. तरुण मंडळी टीव्हीखाली ठेवायच्या बारीक साउंडबारवर खूश असतात. ज्यांनी ऐकायचे ते गेले आणि उरलेल्यांना त्यात रस नाही, असेही होते. मुंबईत लॅमिंग्टन रोड आणि चोर बाजार, दिल्लीत लाल किल्ल्यासमोरचे लजपतराय मार्केट ही अशा मालाची जुनी ठिकाणे. जयपुरात एम. आय. रोडजवळच्या जयंती मार्केटमध्ये इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांची गर्दी आहे. पण खरोखर उंची जोडी बहुधा दुकानात न जाता एका घरातून दुसऱ्या घरात जाते. तिची माहिती तोंडी किंवा जाहिरातीतून कळते.

काय म्हातारे होते, काय होत नाही?

स्पीकर हे यंत्र म्हणावे तर अगदी साधे. अमेरिकेत राइस आणि केलॉग या दोघांनी १९२५ साली त्याचे जे रूप मांडले, त्याच तत्त्वावर आजचेही बहुतेक स्पीकर चालतात. मागे चुंबक, त्याच्या फटीत तारेचे वेटोळे म्हणजे कॉइल, कॉइलला चिकटवलेला कोन. वीज कॉइलमधून गेली की कोन मागेपुढे हलतो आणि हवा हलवतो. खर्जासाठी मोठा वूफर, तार स्वरांसाठी चिमुकला ट्वीटर, आणि कोणता स्वर कोणाकडे पाठवायचा हे ठरवणारे क्रॉसओव्हर नावाचे सर्किट आत बसवलेले.

यातले चुंबक सहसा म्हातारे होत नाही. लाकडी पेटी पाण्यापासून जपली तर पन्नास वर्षे टिकते. कागदी कोनही सांभाळला तर टिकतो. म्हणूनच चांगल्या जोडीला दुसरा जन्म मिळू शकतो.

म्हातारी होते ती कोनाभोवतीची कड. कोनाला पत्र्याच्या चौकटीशी जोडणारी ही वाटोळी पट्टी अनेक कंपन्या फोमची करीत. हवेतल्या प्राणवायूने आणि ओलाव्याने फोम कुजतो. साधारण पंधरावीस वर्षांत तो बोट लावताच भुसा व्हावा तसा गळू लागतो. अशा वूफरचा आवाज फाटका येतो आणि तसाच वाजवत राहिल्यास कॉइलही घासून निकामी होते. रबराची कड मात्र पुष्कळ अधिक टिकते. फोमची कड बदलता येते. जाणता कारागीर मूळ वूफर ठेवून फक्त कड नवी बसवतो. त्यामुळे कुजलेली कड हा नकाराचा मुद्दा नाही, तो किंमत कमी करण्याचा मुद्दा आहे.

दुसरी वस्तू क्रॉसओव्हरमधले कपॅसिटर. यातल्या इलेक्ट्रोलिटिक जातीचे कपॅसिटर काळाने सुकतात आणि तार स्वर मंद किंवा कर्कश होतात. तेही बदलता येतात, खर्चही माफक येतो.

ट्वीटरचे मात्र तसे नाही. तो जळला असेल आणि कंपनीने तो भाग बनवणे थांबवले असेल, तर तसाच ट्वीटर शोधण्यात वर्ष जाते. एका पेटीत मूळचा आणि दुसऱ्या पेटीत भलताच ट्वीटर बसवलेली जोडी कितीही स्वस्त असली तरी ती जोडी राहिलेली नसते.

जोहऱ्याची रीत

जयपूर हे रत्नांचे शहर. जोहरी बाजारातला जाणता माणूस खडा दुकानाच्या झगमगत्या दिव्याखाली पाहून विकत घेत नाही. तो दिवसाच्या उजेडात नेतो, पांढऱ्या कागदावर ठेवतो, उलटसुलट करून पाहतो आणि मगच किमतीचा शब्द काढतो. स्पीकर घेणाऱ्यानेही हीच रीत पाळावी. पाहायला जाताना आपला ॲम्प्लिफायर, आपल्या परिचयाच्या दोनतीन रेकॉर्डी किंवा सीडी, एक टॉर्च आणि शक्य तर मल्टिमीटर बरोबर न्यावा. शक्यतो दिवसा जावे आणि एकट्याने जाऊ नये. हौशी माणसाबरोबर एक थंड डोक्याचे माणूस असलेले बरे. आपल्या गोष्टीत ते काम पत्नीने केले तर उत्तमच.

आधी डोळ्यांनी परीक्षा. पुढची जाळी काढायला सांगावी. कड टॉर्चच्या उजेडात पाहावी, बोटाने हलकेच चाचपावी. कोनाला चीर, ठिगळ, ओघळ आहे का ते पाहावे. ट्वीटरची गोलाकार टोपी मुलांच्या बोटाने आत गेलेली असते, ती पाहावी. दोन्ही पेट्यांच्या मागचे क्रमांक जुळतात का पाहावे. अनेक चांगल्या कंपन्या जोडीला एकच किंवा लागोपाठचे क्रमांक देतात. स्क्रूंच्या खाचा झिजलेल्या असतील तर पेटी पूर्वी उघडली गेली आहे, हे समजावे आणि का उघडली ते सरळ विचारावे.

मग हातांनी. दोन्ही हातांची बोटे कोनाच्या मध्याभोवती समान ठेवून तो अलगद आत दाबावा. खरखर जाणवली तर कॉइल घासते आहे. मल्टिमीटरने मागच्या टर्मिनलवर मोजले तर ८ ओहमचा स्पीकर साधारण साडेपाच ते सात ओहम दाखवतो. दोन्ही पेट्यांचे आकडे जवळजवळ सारखे यायला हवेत. आकडाच आला नाही तर आत कुठेतरी तार तुटली आहे. ट्वीटर जळला आहे का ते मात्र या मापावरून कळत नाही. त्यासाठी ट्वीटरजवळ कान नेऊनच खात्री करावी.

शेवटी कानांनी, आणि हीच खरी परीक्षा. आधी बॅलन्सची कळ फिरवून एकेक पेटी वेगळी ऐकावी. दोन्हींचा पोत सारखा हवा. फरक वाटला तर मागच्या तारा अदलाबदल करून पुन्हा ऐकावे. दोष तारेबरोबर दुसऱ्या पेटीत गेला तर तो ॲम्प्लिफायरचा, त्याच पेटीत राहिला तर स्पीकरचा. मात्र तारांना हात लावण्यापूर्वी ॲम्प्लिफायर बंद करायला विसरू नये.

मग आपले गाणे लावावे. मराठी श्रोत्याकडे यासाठी घरचीच साधने आहेत. तानपुऱ्याची जवारी नीट झंकारते की नुसता भणभणाट होतो, यावरून ट्वीटर कळतो. तबल्यातल्या डग्ग्याचा घिस्सा गोल, घुमटदार येतो की धप्प करून विरतो, यावरून वूफर कळतो. एखादी जुनी मोनो रेकॉर्ड लावली तर गवयाचा आवाज दोन पेट्यांच्या अगदी मधोमध यायला हवा. तो एका बाजूला सरकला तर दोन पेट्यांत फरक आहे. आवाज मध्ये न येता सगळीकडे पसरला आणि खर्ज गेला, तर बहुधा एका पेटीच्या लाल-काळ्या तारा उलट जोडल्या आहेत. त्या सुलट करून पुन्हा ऐकावे. अशा क्षुल्लक कारणाने चांगली जोडी नाकारली जाते. मालकाने मोठ्याने वाजवून दाखवलेल्या ढणढणीत संगीताला भुलू नये. खरी जोडी हलक्या आवाजातही भरीव वाटते. निदान अर्धा तास ऐकल्याशिवाय उठू नये, कारण काही दोष कॉइल तापल्यावरच बोलू लागतात.

जयपूरची हवा, मुंबईची हवा

जोडी कोणत्या गावात राहिली हेही विचारावे. मुंबई, रत्नागिरी, गोवा या समुद्रकाठच्या दमट हवेत टर्मिनलना गंज चढतो, कोनावर बुरशी येते आणि दाबलेल्या भुश्याच्या पेटीचा तळ ओलाव्याने फुगतो. जयपुरात ओलावा कमी, पण मे-जूनमध्ये पारा चाळिशी ओलांडतो आणि आंधीबरोबर धूळ घरभर पसरते. कोरड्या उष्णतेने लाकडाचा पातळ थर सुटतो, गोंदाचे सांधे उघडतात. पेटीवर बोटांनी टकटक करून पाहावे. सैल सांधा लगेच वेगळा बोलतो. दुपारच्या उन्हाची तिरीप रोज पडणाऱ्या खिडकीशेजारी ठेवलेली पेटी एका बाजूने विटलेली दिसते. त्या बाजूची फोमची कड अधिक बारकाईने पाहावी.

काही नामवंत जोड्या तर अशा हवेत मुद्दाम टाळाव्यात. इंग्लंडच्या क्वाड कंपनीचा १९५७ सालचा इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकर आजही जगभर वाखाणला जातो. पण त्यात कोनाऐवजी उच्च दाबाच्या विजेवर ताणलेला पातळ पडदा असतो. धूळ आणि दमटपणा दोन्ही त्याचे वैरी. दुरुस्त करणारा हाताशी नसेल तर राजस्थानच्या आंधीत तो सांभाळणे फार जिकिरीचे.

नाव मोठे, जोडी आपली का?

स्पीकरच्या जगातही घराण्यांची नावे मोठी आहेत. वार्फडेल १९३२ पासूनचे, जेबीएल १९४६ सालचे, केईएफ १९६१ सालचे, बॉवर्स अँड विल्किन्स १९६६ सालचे. पण नावावरून जोडी घेणे म्हणजे आडनावावरून सोयरीक जुळवण्यासारखे आहे. आपल्या ॲम्प्लिफायरशी आणि आपल्या खोलीशी तिचे जमायला हवे.

ॲम्प्लिफायरसाठी एक आकडा विचारावा तो सेन्सिटिव्हिटीचा, म्हणजे एक वॉट वीज दिली तर एक मीटरवर आवाज किती येतो. हा आकडा डेसिबलमध्ये असतो. तीन डेसिबल कमी म्हणजे तेवढ्याच आवाजासाठी दुप्पट वीज हवी. म्हणजे ९० डेसिबलचा स्पीकर २० वॉटमध्ये जेवढा गरजेल, तेवढे गरजायला ८४ डेसिबलच्या स्पीकरला ८० वॉट लागतील. लहान ॲम्प्लिफायरवर असा स्पीकर जोडून कळ पूर्ण फिरवली, तर ॲम्प्लिफायर विकृत लाटा पाठवतो आणि ट्वीटर जळतो. अनेक जुन्या ट्वीटरांचा मृत्यू मोठ्या ॲम्प्लिफायरने न होता अशा लहान ॲम्प्लिफायरच्या ओढाताणीत झालेला असतो.

बीबीसीने १९७० च्या दशकात आपल्या प्रक्षेपण-गाड्यांतल्या अडचणीच्या जागेसाठी एलएस३/५ए नावाचा छोटा स्पीकर बनवला आणि तो बनवण्याचे परवाने रॉजर्स, स्पेंडर, हार्बेथ अशा कंपन्यांना दिले. फूटभर उंचीची ही पेटी. खर्ज मर्यादित, सेन्सिटिव्हिटी सुमारे ८३ डेसिबल. पण माणसाचा आवाज असा नैसर्गिक, की तिच्यासाठी हौशी मंडळी आजही मोठी किंमत मोजतात. गाणे ऐकणाऱ्या लहान कुटुंबाला अशी छोटी जोडी बरी, की दिवाणखान्यात दोन कपाटांएवढ्या पेट्या बऱ्या, याचा विचार यावरून करावा.

संगमरवरी फरशी आणि जयपुरी रजई

आपल्या गोष्टीतली खोली घ्या. चौदा फूट लांब, अकरा फूट रुंद. खाली संगमरवर किंवा कोटा फरशी, भिंती गुळगुळीत. ही खोली दिसायला सुंदर, पण ऐकायला अवघड. कठीण पृष्ठभागावरून स्वर चेंडूसारखे उसळतात आणि आवाज कर्कश होतो. शिवाय चौदा फुटांच्या भिंतींमध्ये साधारण ४० हर्ट्झचा खर्ज घुमतो. त्याच्या लाटेची लांबी खोलीच्या बरोबर दुप्पट असते. म्हणून मोठ्या वूफरची पेटी अशा खोलीत कोपऱ्यात ठेवली की सारे गाणे घूं घूं करू लागते. विकणाऱ्याच्या प्रशस्त बंगल्यात जी जोडी गोड वाटली, ती फ्लॅटमध्ये गुदमरते. म्हणून शक्य असेल तर अनामत ठेवून एक संध्याकाळ जोडी घरी आणून ऐकण्याची परवानगी मागावी. सज्जन माणूस बहुधा नाही म्हणत नाही.

उपायही घरातच आहेत. स्पीकर आणि बैठकीच्या मधल्या फरशीवर जाडशी दरी अंथरावी. बैठकीमागच्या भिंतीवर एखादी जयपुरी रजई टांगली तर भिंतीची शोभाही वाढते आणि स्वरांचे उसळणेही कमी होते. पातळ सांगानेरी पडदे सुंदर दिसतात, पण आवाज शोषण्याला त्यांचा फारसा उपयोग नाही. पेट्या मागच्या भिंतीपासून दीडदोन फूट पुढे घ्याव्यात. दोन पेट्या आणि ऐकणारा यांचा समभुज त्रिकोण व्हावा. ट्वीटर बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला यावा. या सगळ्याला पैसा लागत नाही, पण फरक मात्र हजारो रुपयांचा पडतो.

शेजारधर्मही विसरू नये. निवासी भागासाठी कायद्याने दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे. रात्री दहानंतर खर्ज भिंतीपलीकडे जातो आणि शेजाऱ्याच्या बाळाला उठवतो.

हिशेब कागदावर मांडा

समजा, जोडीची मागितलेली किंमत ६० हजार रुपये आहे. तेवढाच आकडा मनात धरून बसू नये. दोन वूफरच्या कडा बदलायच्या, कपॅसिटर बदलायचे, स्टँड घ्यायचे, गाडीभाडे द्यायचे. समजा, याला १५ हजार लागणार. म्हणजे जोडी ७५ हजारांना पडली. त्या पैशांत वॉरंटीसह नवी भारतीय किंवा परदेशी जोडी कोणती मिळते, तीही जाऊन ऐकावी. जुनी जोडी तिच्यापेक्षा स्पष्टपणे सरस वाटली तरच पुढे जावे. उन्नीस-बीस वाटली तर नवी घ्यावी. वॉरंटीला किंमत आहे.

दुसऱ्या गावाहून माल येणार असेल तर अधिक सावध राहावे. मुंबईहून जयपूर सुमारे साडेअकराशे किलोमीटर. उभ्या राहणाऱ्या मोठ्या पेट्या एकेक पंचवीस-तीस किलोच्या असतात. मूळ खोकी असतील तर ती सोन्यासारखी समजावीत. नसतील तर खोक्यात खोके घालून, मध्ये फोम भरून पाठवायला सांगावे. दिल्ली तीनशे किलोमीटरच्या आत आहे. तेव्हा दिल्लीची जोडी स्वतः जाऊन, ऐकून, आपल्या गाडीत घालून आणणे केव्हाही शहाणपणाचे.

व्यवहार आणि कायदा

पत्नीचा प्रश्न होता, कोणाच्या दारात उभे राहायचे? त्याचे खरे उत्तर असे, की खासगी माणसाकडून घेतलेल्या जुन्या वस्तूच्या बाबतीत फारसे दार उघडे नसते. १९३० च्या माल विक्री कायद्याचे मूळ तत्त्वच असे, की काही अपवाद सोडले तर वस्तू पारखून घेण्याची जबाबदारी घेणाऱ्याची. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ सालचा, तो व्यापाऱ्याकडून घेतलेल्या मालाला लागू पडतो. घर रिकामे करताना कोणी एखादी वस्तू विकली तर त्याचा आधार मिळणे कठीण. दुकानदाराकडून जुना माल घेतला तर पावती मात्र जरूर घ्यावी. पावतीवर मॉडेल, क्रमांक आणि ‘चालू स्थितीत’ हे शब्द लिहून घ्यावेत. तक्रार करायची वेळ आलीच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

परदेशातून जुनी जोडी परस्पर मागवण्याचा मोह टाळावा. अशा वापरलेल्या वस्तूंच्या आयातीला सरकारी परवाना लागतो आणि माल कस्टममध्ये अडकला की हौस महागात पडते.

पैसे देण्याबाबत एकच नियम: वस्तू समोर वाजल्याशिवाय पैसे नाहीत. ‘मी फौजेत आहे, बदली झाली, आधी आगाऊ पाठवा’ अशा मजकुराच्या जाहिराती हा फसवणुकीचा जुना प्रकार आहे. पैसे मिळवायला कधीही यूपीआयचा पिन टाकावा लागत नाही, तो फक्त पैसे देताना लागतो, हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असावे. फसवणूक झालीच तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर तत्काळ कळवावे.

विकणाऱ्याची बाजू

आता सी-स्कीममधल्या त्या वृद्ध बाईंकडे परत येऊ. समजा, पतिपत्नी त्यांच्याकडे गेली. जाळी काढली तेव्हा फोमची कड बोटाला चिकटून गळाली. ट्वीटर मूळचे, क्रमांक लागोपाठचे, पेट्या घट्ट. आणि चौकशीअंती असेही कळले, की ही जोडी दुर्मीळ आहे आणि दुरुस्त झाल्यावर तिला बाई मागतात त्याच्या दुप्पट किंमत येईल. बाईंना त्यातले काही ठाऊक नाही. यजमानांनी काय करावे?

कडेचा दोष दाखवून भाव आणखी पाडता येईल. बाजारात असे रोज घडते. पण पारख करता येणाऱ्याने ती पारख एकट्याच्या फायद्यासाठी वापरावी का, हा प्रश्न प्रत्येकाने आपल्या मनाला विचारावा. जोहरी बाजारात पेढी नुसत्या नजरेवर टिकत नाही. अडाणी गिऱ्हाइकालाही खड्याची खरी किंमत सांगणाऱ्यावर लोक विश्वास ठेवतात, त्या विश्वासावर ती टिकते. दुरुस्तीचा खर्च वजा करून रास्त भाव देणे, आणि ‘बाई, ही वस्तू तुम्ही समजता त्याहून मोलाची आहे’ हे सांगणे, यात घेणाऱ्याचे थोडे पैसे जास्त जातील. पण त्या जोडीवर जेव्हा केव्हा गाणे लागेल, तेव्हा ते मोकळ्या मनाने ऐकता येईल.

आणि घेणाऱ्याने एक करावे. कडा बदलून झाल्या, पेट्या जागेवर बसल्या, की पहिल्या संध्याकाळी त्या बाईंना घरी चहाला बोलवावे. त्यांच्या यजमानांच्या स्पीकरवर कोल्हापूरच्या ट्रंकेतली एखादी रेकॉर्ड लावावी. गाणे जयपूर घराण्याचे असेल तर ते शंभराहून अधिक वर्षांनी, फिरून फिरून, आपल्या गावी पोहोचले असेल. तो खर्च मग पत्नीलाही फार वाटणार नाही.